परदेशात गेल्यावर साइट उघडत नाहीत, स्ट्रीमिंग अडतं आणि व्हीपीएन घेऊनही जमत नाही, तेव्हा काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीसाठी दुसऱ्या देशात राहायला गेलात आणि तिथून तीन गोष्टी अडल्या. आपल्या देशातल्या बँकेची साइट उघडतच नाही, पैसे भरून घेतलेल्या स्ट्रीमिंग ॲपवर 'तुमच्या भागात उपलब्ध नाही' असं येतं, आणि यावर उपाय म्हणून वर्षभराचं व्हीपीएन (तुमचं इंटरनेट दुसऱ्या देशातल्या सर्व्हरमधून नेणारी सेवा) घेतलं तर आता स्ट्रीमिंगवाले म्हणतायत प्रॉक्सी (म्हणजे मधला सर्व्हर) बंद करा आणि बँकेने तर लॉगिनच लॉक करून टाकलं. आता दुसरं कुठलं व्हीपीएन घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

दुसरं घेऊ नका. निदान आत्ता लगेच नको. परदेशी राहणाऱ्या लोकांना हेच सगळं लावून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि दहातल्या आठ जणांची गाडी इथेच अडकलेली असते, की अडचण एकच आहे असं समजून एकच औषध सगळीकडे लावलं जातं. तुमच्याकडे तीन वेगळ्या अडचणी आहेत. बँक वेगळ्या कारणाने अडवतेय, स्ट्रीमिंग वेगळ्या कारणाने आणि व्हीपीएन पकडलं जातंय ते तिसऱ्याच कारणाने. त्यामुळे आधी एकच गोष्ट करायची, कोण अडवतंय आणि काय बघून अडवतंय ते शोधायचं. उपाय त्याच्या नंतर आपोआप ठरतो.

काय काय बघितलं जातं? पहिला अर्थातच आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या कनेक्शनचा नंबर. आयपीवर देशाचं नाव लिहिलेलं नसतं हे लक्षात घ्या. कुठला पत्ता कुठल्या देशातला याचे डेटाबेस असतात, मॅक्समाइंडसारख्या कंपन्या ते विकतात, आणि साइटवाले त्यात बघून ठरवतात. दुसरं म्हणजे डीएनएस, म्हणजे साइटचं नाव तुम्ही कुठल्या सर्व्हरला विचारताय. तिसरं, तुमच्या खात्याचा देश, तो बऱ्याच ठिकाणी पहिल्यांदा खातं उघडताना ठरतो आणि नंतर आयपी बदलून हलत नाही. चौथं कार्ड कुठल्या देशातल्या बँकेचं आहे, कार्डाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून ते लगेच कळतं. पाचवं ॲप स्टोअरचा देश. आणि सहावं, जे लोक हमखास विसरतात, फोनचं लोकेशन. जीपीएस बंद केलं म्हणजे झालं असं नाही, आजूबाजूला कुठले वायफाय राउटर दिसतायत त्यावरूनही फोनला आपण कुठे आहोत ते कळतं. लाइव्ह मॅच दाखवणारी बरीच ॲप लोकेशनची परवानगी मागतात ती यासाठीच, आणि तिथे व्हीपीएन कितीही भारी असलं तरी काही फायदा नाही कारण ॲप आयपीला विचारतच नाहीये.

आता एरर नीट वाचायला शिका, स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्यातच निम्मं उत्तर असतं. साइट क्लाउडफ्लेअरच्या (बऱ्याच साइटना संरक्षण देणारी कंपनी) मागे असेल आणि १००९ नंबरचा एरर आला तर अर्थ सरळ आहे, साइटच्या मालकाने तुमचा पूर्ण देशच बंद ठेवलाय. १००६, १००७ किंवा १००८ आला तर तो नेमका आयपी अडवलाय, म्हणजे देशाचा प्रश्न नसून त्या पत्त्याचा आहे. १०२० म्हणजे फायरवॉलचा, म्हणजे साइटच्या दारावरच्या पहारेकऱ्याचा, कुठलातरी नियम लागलाय. ४५१ आला तर कायदेशीर कारणाने अडवलंय, हा कोड २०१६ मध्ये खास त्याच्यासाठीच प्रमाणित झाला. युरोपात राहणाऱ्यांना तो ओळखीचा असेल, कारण २५ मे २०१८ ला युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाला तेव्हा लॉस एंजेलिस टाइम्स, शिकागो ट्रिब्यून अशा काही अमेरिकन वर्तमानपत्रांनी युरोपातल्या वाचकांना सरळ बाहेरच ठेवलं, आणि अशा कारणाने बंद असलेल्या साइट हा कोड दाखवतात. आणि नुसतं पान फिरत राहतं, एररच येत नाही, शेवटी टाइमआउट, तर बहुतेक वेळा बाहेरच्या देशांचं ट्रॅफिक फायरवॉलवरच टाकून दिलं जातंय. सरकारी पोर्टल आणि बँकांचं बरंचसं असंच असतं. तुमच्या बँकेचं मला हेच वाटतंय.

स्ट्रीमिंगमध्ये नेटफ्लिक्सवर एम ७१११-५०५९ आला तर त्याचा अर्थ व्हीपीएन पकडलं गेलं. 'तुमच्या भागात उपलब्ध नाही' हा मेसेज पूर्ण वेगळा, त्यात पकडलं वगैरे काही नाही, त्या देशात त्या कार्यक्रमाचे हक्कच त्यांच्याकडे नाहीत. हे दोन मेसेज एकच समजून लोक सपोर्टशी भांडत बसतात.

हक्क हा शब्द आलाच आहे तर तेवढं सांगून पुढे जातो. सिनेमा, मालिका, मॅच यांचे हक्क देशवार विकले जातात, एकाच सिनेमाचे तीन देशांत तीन मालक असतात, आणि प्लॅटफॉर्मने करारात लिहून दिलेलं असतं की आम्ही याच देशात दाखवू. त्यांनी ते पाळलं नाही तर हक्क विकणारा त्यांच्यावर केस करेल. हे नवीन नाही, डीव्हीडीवर रीजन कोड असायचा आणि कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये रीजन फक्त पाचदा बदलता यायचा, तोच विचार आता इंटरनेटवर आलाय. म्हणून सपोर्टवाल्याला कितीही समजावून सांगितलं की मी पैसे भरलेत तरी त्याच्या हातात काही नसतं.

आता तुमचं व्हीपीएन का पकडलं गेलं ते बघू. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये एकदम १३० नवीन देशांत सुरू झालं आणि त्याच महिन्यात त्यांनी जाहीर केलं की प्रॉक्सी आणि अनब्लॉकर वापरणाऱ्यांना अडवू. तेव्हापासून हा उंदरामांजराचा खेळ चालूच आहे. पकडायची पद्धत फार अवघड नाही. व्हीपीएन कंपन्यांचे सर्व्हर डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेले असतात, आणि डेटा सेंटरला दिलेले आयपी घरगुती ब्रॉडबँडच्या आयपीपेक्षा वेगळे ओळखू येतात, कुठला पट्टा कुठल्या कंपनीच्या नावावर आहे ही माहिती उघडच असते. त्यात एकाच पत्त्यावरून शेकडो वेगवेगळी खाती लॉगिन होताना दिसली की संशय घ्यायलाही काही उरत नाही. मग तो पट्टा बंद होतो, व्हीपीएनवाले नवीन पट्टा घेतात, तो काही दिवस चालतो, परत बंद. म्हणून 'हे व्हीपीएन माझ्याकडे चालतं' हा कुणाचा सल्ला तुमच्याकडे येईपर्यंत शिळा झालेला असू शकतो.

दुसरं कारण गळती. व्हीपीएन चालू आहे, आयपी बदललेला दिसतोय, तरी साइटला खरा देश कळतोय, असं झालं तर दोन जागा तपासा. एक आयपीव्ही ६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही ४. बरीच व्हीपीएन फक्त आयपीव्ही ४ चं ट्रॅफिक बोगद्यातून नेतात आणि तुमच्या नव्या देशातला इंटरनेटवाला आयपीव्ही ६ पण देत असेल तर साइट त्या दुसऱ्या वाटेने उघडते आणि तुमचा खरा पत्ता सरळ समोर जातो. तपासणं सोपं आहे, व्हीपीएन चालू ठेवून आयपी दाखवणाऱ्या कुठल्याही साइटवर जा, तिथे दोन पत्ते दिसतायत का बघा, एक लहान आकड्यांचा आणि एक लांबलचक, अक्षरं आणि अपूर्णविरामवाला. लांबलचकवाल्यासमोर तुमच्या आत्ताच्या देशाचं नाव असेल तर गळती तिथेच आहे, व्हीपीएनमध्ये आयपीव्ही ६ अडवायचं सेटिंग असेल ते लावा, नसेल तर मशीनवर आयपीव्ही ६ बंद करा. दुसरी जागा डीएनएस, म्हणजे साइटचं नाव विचारणं व्हीपीएनच्या बाहेरून तर होत नाही ना. ब्राउझर आजकाल स्वतःचं वेगळं एन्क्रिप्टेड डीएनएस वापरतात, टीव्हीला लावायच्या काही काड्यांमध्ये गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता आतच पक्का केलेला असतो, त्या तुमच्या राउटरचं ऐकतच नाहीत. आणि हो, तपासताना दरवेळी इन्कॉग्निटो विंडो उघडा, कारण जुन्या कुकीमध्ये (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदीत) देश साठवलेला असतो आणि सगळं बरोबर लावूनही जुनाच मेसेज येत राहतो, लोक यात अख्खी रात्र घालवतात.

एक छोटी युक्ती सांगतो, ती फार उपयोगी आहे. व्हीपीएनच्या यादीत देशाचं नाव लिहिलंय म्हणजे सर्व्हर त्या देशात असेलच असं नाही. 'व्हर्च्युअल लोकेशन' नावाचा प्रकार असतो, पत्ता एका देशाच्या नावावर नोंदवलेला आणि मशीन दुसरीकडेच. भारताच्या बाबतीत हे उघड झालं, सर्ट-इनने (भारत सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायची, त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. एक्सप्रेसव्हीपीएनने तर स्वतःच सांगितलं की भारतीय आयपी आता सिंगापूर आणि ब्रिटनमधल्या मशीनवरून देणार. मनोरंजनासाठी ते चालून जातं, पण कडक तपासणी करणाऱ्या साइटला असा पत्ता विचित्र दिसतो. ओळखायचं कसं, तर पिंगचा वेळ, म्हणजे सर्व्हरला हाक मारल्यावर उत्तर यायला किती वेळ लागतो ते, बघा. फायबरमधून प्रकाश साधारण सेकंदाला २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद. यापेक्षा लवकर कुणीच उत्तर देऊ शकत नाही. सर्व्हर ६००० किलोमीटरवर आहे असं लिहिलंय आणि पिंग १५ मिलिसेकंद येतंय तर तो तिथे नाही, संपला विषय. (जास्त वेळ लागला तर मात्र त्यावरून काही सिद्ध होत नाही, रस्ता लांबचा असू शकतो.)

फुकट व्हीपीएन तर हातही लावू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. २०१५ मध्ये होला नावाच्या फुकट सेवेचं प्रकरण बाहेर आलं, लोकांना वाटत होतं आपण फुकट परदेशी साइट बघतोय आणि प्रत्यक्षात त्यांचंच घरचं कनेक्शन ल्युमिनाटी या नावाने दुसऱ्यांना विकलं जात होतं, त्यातून एका साइटवर हल्लाही झाला. फेसबुकचं ओनावो हे व्हीपीएन ॲप वापरणाऱ्यांची माहिती गोळा करत होतं, ते ऑगस्ट २०१८ मध्ये ॲपलच्या स्टोअरमधून काढावं लागलं. आजही 'रेसिडेन्शियल आयपी', म्हणजे घरगुती पत्ता, म्हणून जे स्वस्तात विकलं जातं त्यात बऱ्याचदा कुणातरी अजाण माणसाच्या घरचं कनेक्शन वापरलेलं असतं, आणि तुमच्या बँकेचा पासवर्ड त्या वाटेने जाणार असतो. दुसऱ्याच्या घरात बेकायदा शिरून आपली करमणूक करायची नाही, आणि आपलं घरही उघडं टाकायचं नाही.

स्मार्ट डीएनएस नावाचा आणखी एक प्रकार कुणीतरी तुम्हाला सुचवेल. त्यात सगळं ट्रॅफिक वळवत नाहीत, फक्त देश तपासणारी जी दोन-चार नावं असतात तेवढीच मधल्या सर्व्हरवरून नेतात आणि व्हिडिओ थेट येतो, म्हणून वेग चांगला मिळतो आणि ज्या टीव्हीवर व्हीपीएन ॲप बसत नाही तिथेही चालतं. पण त्यात एन्क्रिप्शन नाही, तुमचा आयपी बदलला की परत नोंदवावा लागतो, आणि मघाशी सांगितलं तसं उपकरण स्वतःचंच डीएनएस वापरत असेल तर काहीच होत नाही. बँकेसाठी तर विचारही नको, डीएनएस दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे कुठल्या नावाला कुठला पत्ता सांगायचा हे त्याच्या मर्जीवर.

आता खरा विषय, बँक. बँकेच्या सिस्टीमला व्हीपीएनचा आयपी परदेशी आयपीपेक्षाही जास्त संशयास्पद वाटतो. कारण चोरीचे पासवर्ड वापरणारेही तेच पत्ते वापरतात. सकाळी तुम्ही नव्या देशातल्या मोबाइल डेटावरून ॲप उघडलं आणि वीस मिनिटांनी व्हीपीएन लावून हजारो किलोमीटर लांबच्या पत्त्यावरून लॉगिन केलं, की सिस्टीमच्या दृष्टीने हा माणूस इतका लवकर तिथे पोचूच शकत नाही, म्हणून खातं लॉक. त्यांनी तुमचे पैसे वाचवायचा प्रयत्न केलाय, रागावू नका. सगळ्यात आधी बँकेला फोन करून सांगा की मी परदेशात राहायला गेलोय. बऱ्याच बँकांना हे कळवणं बंधनकारकही असतं, निवासी दर्जा बदलला की खात्याचा प्रकार बदलतो, आणि परदेशातल्या ग्राहकांसाठी त्यांच्याकडे वेगळी साइट किंवा वेगळी परवानगी असते. कितीतरी जण हा एक फोन टाळतात आणि महिनोन् महिने व्हीपीएनशी झगडतात.

त्याने भागलं नाही, किंवा सरकारी पोर्टलच बाहेरून उघडत नसेल, तर सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे आपल्याच घरातून बाहेर पडणं. म्हणजे मायदेशी आईवडील, भाऊ, बहीण, कुणीही जवळचं माणूस राहत असेल त्यांच्या घरच्या ब्रॉडबँडवर एक छोटं यंत्र कायम चालू ठेवायचं आणि तुम्ही परदेशातून त्याला जोडलं की इंटरनेटवर तुम्ही त्या घरातूनच आल्यासारखे दिसता. पत्ता घरगुती, वापरणारे तुम्ही आणि घरचेच, कुणाच्या काळ्या यादीत असायचं कारण नाही. यंत्र म्हणजे रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर, जुना लॅपटॉप, किंवा थेट राउटरच. ॲपल टीव्हीवर त्याच्या टीव्हीओएस १७ या आवृत्तीपासून व्हीपीएन ॲप चालतात, त्यामुळे घरी तो असेल तर त्याच्यावर टेलस्केल (आपलीच यंत्रं आपसात जोडणारं व्हीपीएन ॲप) टाकून त्याला एक्झिट नोड, म्हणजे तुमचं ट्रॅफिक इंटरनेटवर बाहेर पडायचं दार, करता येतं, वेगळं काही विकत घ्यायची गरजच नाही.

लावताना पहिली गोष्ट बघायची ती घरच्या राउटरचा वॅन आयपी, म्हणजे राउटरला इंटरनेटवाल्याकडून मिळालेला पत्ता. राउटरच्या पानावर जो दिसतो तो आणि बाहेरच्या साइटवर दिसतो तो, दोन्ही एकच असतील तर तुमच्याकडे खरा सार्वजनिक पत्ता आहे, मग वायरगार्ड (स्वतःचं व्हीपीएन चालवायचं सॉफ्टवेअर) लावा आणि त्याचा ५१८२० हा यूडीपी पोर्ट राउटरमध्ये फॉरवर्ड करा, म्हणजे त्या दाराने बाहेरून येणारं थेट त्या यंत्राकडे पाठवा. राउटरवर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर इंटरनेटवाल्याने अनेक घरांना मिळून एक पत्ता दिलाय, बाहेरून आत थेट येताच येणार नाही, तिथे पोर्ट फॉरवर्डिंग करत बसू नका, टेलस्केलसारखं काहीतरी घ्या, त्यात दोन्ही बाजू आतून बाहेर जोडतात त्यामुळे अडत नाही. दुसरी गोष्ट, घरच्या नेटवर्कचे आतले पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होणारे, सगळीकडे असतात तसे ठेवू नका, तुम्ही परदेशात ज्या घरात राहाल तिथेही तेच असणार आणि मग कुठलं यंत्र कुठलं यात गोंधळ होतो, घरच्याला १०.७३.२० असं काहीतरी वेगळं द्या. तिसरी, वेग. घरचा अपलोड हा तुमचा डाउनलोड असतो हे विसरू नका, कारण डेटा घरात येऊन तुमच्यासाठी परत बाहेर जाणार. घरी डाउनलोड कितीही असू दे, अपलोड तोकडा असेल तर बँक मस्त चालेल आणि सिनेमा अडखळेल. नेटफ्लिक्स फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि ४ के ला १५ एमबीपीएस सांगतं, त्या मापाने बघा आणि घरच्यांच्या वापरासाठीही काहीतरी शिल्लक ठेवा.

मग काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यातच लटकतात असं झालं तर एमटीयू, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाचा कमाल आकार, कमी करा. वायरगार्डमध्ये तो साधारण १४२० असतो, १२८० करून बघा, असल्या लटकण्याचा बराचसा त्रास तिथेच संपतो. घरची वीज गेली आणि आली की यंत्र आपलं आपण चालू झालं पाहिजे, जुना कॉम्प्युटर असेल तर बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगच्या पानावर) वीज परत आल्यावर सुरू हो असं सेटिंग असतं ते लावा, नाहीतर दर वेळी घरच्या वडीलधाऱ्यांना फोन करून 'ते मागचं बटण दाबा' सांगत बसावं लागतं आणि त्यांना ते आवडत नाही. आणि हे सगळं निघायच्या आधी लावून, फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून जोडून बघायचं. तुम्ही आधीच निघून गेलात, तर टेलस्केल घ्या, घरच्यांकडून फक्त ॲप टाकणं आणि लॉगिन एवढंच व्हिडिओ कॉलवर करून घेता येतं, बाकी एक्झिट नोडला मंजुरी तुम्ही तिकडून देऊ शकता.

या कनेक्शनची चावी मित्रांना वाटू नका. त्या वाटेने कुणी काही उद्योग केला तर पोलीस ज्यांच्या नावावर ब्रॉडबँड आहे त्यांच्या दारात जाणार, म्हणजे तुमच्या आईवडिलांच्या. घरच्यांना विचारून, समजावून सांगूनच हे लावा. इंटरनेटवाल्याच्या अटी पण एकदा बघा.

ओटीपीचं काय, हा प्रश्न याच्याच पोटात आहे. आयपी कितीही बरोबर असला तरी एसएमएस आला नाही तर आत जाता येत नाही. जुनं सिम फोनमध्ये दुसऱ्या स्लॉटला किंवा ईसिम करून जिवंत ठेवा, रोमिंगला एसएमएस येतोय का ते निघायच्या आधी ऑपरेटरकडून चालू करून घ्या, आणि रिचार्जची मुदत संपू देऊ नका. नंबर बंद पडला की काही काळाने तो दुसऱ्या कुणाला दिला जातो आणि मग तुमच्या बँकेचे मेसेज त्याला जातात, हा आयपीपेक्षा खूप मोठा धोका आहे. ज्या बँकेत ॲपमधूनच मंजुरी किंवा ईमेलवर ओटीपी मिळतो तिथे ते आधी चालू करा.

स्ट्रीमिंगकडे परत येऊ. इथे मी आधी विचारतो, तुम्ही कायमचे गेलात का थोड्या दिवसांसाठी? युरोपीय संघात १ एप्रिल २०१८ पासून नियम आहे की एका सदस्य देशात पैसे भरून घेतलेली सेवा दुसऱ्या सदस्य देशात तात्पुरते गेलात तरी तुमच्या घरच्यासारखीच चालली पाहिजे, त्यासाठी काहीही लावायची गरज नाही. पण हे तात्पुरत्या मुक्कामासाठी आणि पैसे भरलेल्या सेवांसाठी, फुकट सेवांनी द्यायचं का नाही ते त्यांच्यावर, आणि ब्रिटन १ जानेवारी २०२१ पासून यातून बाहेर आहे. त्याच काळातला दुसरा जो जिओब्लॉकिंगचा नियम आहे, डिसेंबर २०१८ चा, तो ऑनलाइन खरेदीसाठी आहे, त्यात सिनेमा-मालिका येत नाहीत, लोक दोन्ही एकत्र करतात.

कायमचे गेला असाल तर खातं नव्या देशात हलवणं किंवा तिथलं नवीन घेणं हाच बिनत्रासाचा मार्ग. नेटफ्लिक्सवर आत काय दिसतं ते तुम्ही आत्ता कुठे आहात त्यावर ठरतं, त्यामुळे काही मालिका जातात आणि काही नवीन येतात. तुमच्या भाषेतल्या कार्यक्रमांसाठी त्याच प्लॅटफॉर्मची परदेशातल्या प्रेक्षकांसाठी वेगळी आवृत्ती आहे का ते बघा, किंवा निर्मात्यांनी यूट्यूबवर टाकलंय का ते, किंवा नव्या देशातल्या कुठल्या दुसऱ्या सेवेने ते हक्क घेतलेत का. हक्क देशवार विकले जातात म्हणजेच बऱ्याचदा तुमच्या नव्या देशातही ते कुणीतरी घेतलेले असतात, फक्त नाव वेगळं असतं. हे शोधायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास खर्च न करता लोक वर्षाचं व्हीपीएन घेतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

ॲप स्टोअरचा देश मात्र घाईने बदलू नका. ॲपलमध्ये देश बदलायचा तर आधी चालू सबस्क्रिप्शन बंद करावी लागतात, शिल्लक पैसे संपवावे लागतात आणि फॅमिली शेअरिंगमधून बाहेर पडावं लागू शकतं. गूगल प्लेमध्ये देश वर्षातून एकदाच बदलता येतो. म्हणजे बदललात आणि मायदेशच्या बँकेचं ॲप नव्या देशाच्या स्टोअरमध्ये मिळत नाही असं कळलं तर वर्षभर अडकलात. अँड्रॉइडवर त्यापेक्षा दुसरं गूगल खातं काढून ते नव्या देशाचं ठेवा आणि जुनं जसंच्या तसं राहू द्या, एकाच फोनवर दोन्ही चालतात.

एक वेगळीच केसही होते. व्हीपीएन नाही, काही नाही, तरी साइट म्हणते तुम्ही भलत्याच देशात आहात. आयपीव्ही ४ चे जागतिक मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे मोकळे पट्टे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले, त्यानंतर कंपन्या एकमेकींकडून जुने पत्ते विकत घेतात, पत्ता एका देशातून दुसऱ्या देशात जातो आणि डेटाबेसमध्ये जुनाच देश राहतो. तसं असेल तर इंटरनेटवाल्याला सांगा, आणि मॅक्समाइंडसारख्यांकडे दुरुस्तीचा फॉर्म असतो तो भरा. डेटाबेस बदलायला आणि तो बदल साइटपर्यंत पोचायला वेळ जातो.

कायद्याचं नीट समजून घ्या, कारण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्ट्रीमिंगच्या अटी मोडल्या तर ते खातं बंद करू शकतात, तो तुमच्या आणि कंपनीच्या कराराचा विषय. पण काही देशांत व्हीपीएनवरच कायदा आहे. संयुक्त अरब अमिरातीत गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी खोटा आयपी वापरला तर ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आणि कैदही होऊ शकते, आणि तिथे अडवलेली साइट उघडणं हे त्यात धरलं जाऊ शकतं. चीनमध्ये परवाना नसलेली व्हीपीएन सेवा चालत नाही, ॲपलने जुलै २०१७ मध्ये तिथल्या स्टोअरमधून असली ॲप काढली. रशियात मार्च २०२४ पासून बंदी चुकवायला व्हीपीएन वापरा असा प्रचार करण्यावरही बंदी आहे. अशा देशात असाल तर वर सांगितलेलं घरचं यंत्र हेही व्हीपीएनच आहे हे लक्षात ठेवा आणि तिथला कायदा आधी बघा. तिथे कंपनीने कामासाठी दिलेलं व्हीपीएन असेल तर ते कामापुरतंच वापरा, त्यावरून मालिका बघू नका, तुमच्या नावाने नोंद होते.

तर तुमच्यासाठी, बँकेला फोन आधी, तोवर व्हीपीएन लावून परत लॉगिनचा प्रयत्न करू नका, दरवेळी लॉक वाढत जातं. घेतलेल्या व्हीपीएनला परतीची मुदत शिल्लक असेल तर आजच पैसे मागा, बऱ्याच कंपन्या ३० दिवसांत परत देतात. आणि घरच्यांकडून राउटरच्या पानावरचा वॅन आयपी आणि घरचा अपलोड किती ते मागवून घ्या. ते दोन आकडे आणि बँकेच्या साइटवर नेमका काय एरर येतो ते कळलं, की घरचं यंत्र वायरगार्डने लावायचं का टेलस्केलने, तेवढंच ठरवायचं राहील.